जुनी हायलक्स चार वर्षे वापरल्यावर: आधी दुरुस्ती, मग उंची

पाचव्या पिढीची, म्हणजे १९८८ ते १९९७ या काळातली टोयोटा हायलक्स मी गेली चार वर्षे वापरत आहे. ती २.८ लिटर डिझेल इंजिनाची फोर-व्हील-ड्राइव्ह पिकअप असून पुढे आणि मागे दोन्हीकडे पाट्यांवर (लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगवर) बसवलेला सलग अ‍ॅक्सल (दोन्ही चाकांना जोडणारा एकच आस) तिला आहे. या चार वर्षांत तिचा पुढचा अ‍ॅक्सल दोनदा पूर्ण खोलून बांधला, पाटे दोनदा बदलले, मागच्या डिफरन्शिअलमध्ये (दोन चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणाऱ्या गिअरच्या गाठीत) लॉकर, म्हणजे ती दोन्ही चाके एकत्र फिरवणारी कळ, बसवला आणि दगड, चिखल, वाळू, वाहते पाणी अशा सगळ्या वाटांवर तिला नेले. माझे मत सुरुवातीलाच सांगतो. अशी गाडी घेतल्यावर पहिल्या वर्षाचा वेळ आणि पैसा तिला मूळ स्थितीत आणण्यासाठी राखून ठेवावा, कारण वरून सजवलेली पण आतून झिजलेली हायलक्स, नीट दुरुस्त केलेल्या साध्या हायलक्सच्या मागेच राहते. हे मला आधी सुचले नाही, आणि पहिल्या वर्षी मी क्रम नेमका उलटा लावला होता.

हायलक्स हे नाव १९६८ पासूनचे आहे. चारही चाकांना ताकद देणारी हायलक्स मात्र तिसऱ्या पिढीत, १९७० च्या दशकाच्या अखेरीस आली. पुढचा अ‍ॅक्सल कोणता हा प्रश्न घेणाऱ्याने सर्वांत आधी सोडवायला हवा. उत्तर अमेरिकेत १९८६ च्या मॉडेलपासून पुढे टॉर्शन बारवर (पिळला जाऊन स्प्रिंगचे काम करणाऱ्या दांड्यावर) चालणारे स्वतंत्र सस्पेन्शन आले, पण इतर अनेक देशांत पाचव्या पिढीच्या अखेरपर्यंत सलग अ‍ॅक्सलची गाडीही मिळत राहिली, आणि एलएन१०६ हा मालिका क्रमांक असलेली माझी गाडी त्यांपैकीच आहे. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसत असल्याने जमिनीवर आडवे होऊन खाली पाहणे हाच खात्रीचा उपाय आहे. दोन्ही चाकांना जोडणारी जाड लोखंडी नळी आणि तिच्यावर एका बाजूला गोल डिफरन्शिअल दिसले तर अ‍ॅक्सल सलग आहे, आणि रबरी बूट घातलेले दोन आखूड शाफ्ट दिसले तर सस्पेन्शन स्वतंत्र आहे. डांबरी रस्त्यावर स्वतंत्र सस्पेन्शन निःसंशय चांगले. पण खडकांतून जाताना सलग अ‍ॅक्सलचे एक चाक वर चढले की तो दुसऱ्याला खाली दाबतो आणि डिफरन्शिअलखालची मोकळी जागा तेवढीच राखतो, म्हणून मी तोच निवडला. जाता जाता एक उपयोगी गोष्ट: फोक्सवॅगनने हीच गाडी १९८९ ते १९९७ या काळात ‘टॅरो’ या नावाने विकली, त्यामुळे सुटे भाग शोधताना त्या नावाखालीही पाहावे.

गाडी पाहताना मी इंजिन सगळ्यांत शेवटी सुरू केले. जुन्या पिकअपमध्ये इंजिन बदलता येते, गिअरबॉक्स बदलता येतो, केबिनसुद्धा उचलून दुसरी ठेवता येते. चासी (गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा) गंजून सडली असेल तर मात्र बाकी सगळे कितीही चांगले असले तरी व्यर्थ आहे. मागच्या पाट्यांचे शॅकल (पाट्याचे टोक चासीला जोडणाऱ्या हलत्या कड्या) जिथे चासीला बसतात तो भाग, हौद्याखालची आडवी पट्टी आणि पेट्रोल-डिझेल टाकीच्या वरची लपलेली बाजू या तीन ठिकाणी चिखल साचून राहतो आणि गंज आतून बाहेर येतो. लहान हातोडीने ठोकत गेले की चांगल्या लोखंडाचा आवाज खणखणीत येतो आणि सडलेल्या जागी तो बद्द होतो. माझ्या गाडीवर मागच्या डाव्या शॅकलजवळ असा एक तळहाताएवढा भाग निघाला. तो कापून त्याच जाडीच्या पत्र्याची बंद पेटी वेल्ड करून घेतली आणि आत मेणयुक्त गंजरोधक फवारले. नुसते वरून ठिगळ लावून काळा रंग मारलेली चासी दिसली तर ती गाडी सोडून द्यावी, कारण रंगाखाली काय आहे ते विकणाऱ्याला माहीत असते.

इंजिनाबद्दल माझ्याकडे स्तुतीच जास्त आहे. ३एल या नावाचे हे २,७७९ सीसीचे चार सिलिंडरांचे इंजिन आहे. बोअर आणि स्ट्रोक दोन्ही ९६ मिलिमीटर, कॉम्प्रेशन २२.२ला १, टर्बो नाही, आणि डिझेल पंप संपूर्ण यांत्रिक. कॉम्प्युटरची वायरही कुठे जात नसल्याने पंपाला डिझेल पोहोचते आहे आणि त्याचा सोलेनॉइड उघडतो आहे, एवढ्यावर इंजिन चालू राहते. ते वेगवान नाही. लांबच्या चढावर मागची वाहने पुढे निघून जातात आणि त्याची सवय करून घ्यावी लागते. मात्र अगदी कमी फेऱ्यांवर ते न अडखळता ओढते, आणि खडकांतून चालवताना हाच गुण सर्वांत मोलाचा ठरतो. गाडी घेतल्याबरोबर टायमिंग बेल्ट बदलावा, तो कधी बदलला हे सांगणाऱ्याच्या शब्दावर विसंबू नये. तो तुटला तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात. माझ्या गाडीचा पांढरा धूर आणि थंडीतली अडखळ चारही नोझल तपासून नवीन टिप बसवल्यावर आणि हीटर प्लग बदलल्यावर गेली. या इंजिनावर टर्बो चढवण्याचा मोह अनेकांना होतो. माझा त्याला स्पष्ट विरोध आहे, कारण टर्बोशिवाय चालण्यासाठी ठरवलेल्या एवढ्या उंच कॉम्प्रेशनवर आणखी हवा आणि आणखी डिझेल ढकलले की वाढलेली उष्णता शेवटी हेड आणि पिस्टनलाच सोसावी लागते.

आता पुढच्या अ‍ॅक्सलबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण ही गाडी कशी राखली गेली आहे याचा सगळा इतिहास तिथेच वाचता येतो. सलग अ‍ॅक्सलच्या टोकाला लोखंडाचा एक गुळगुळीत पोकळ गोळा असतो, त्याच्याभोवती नकल (चाक वळवणारा भाग) फिरतो आणि आत बर्फील्ड जॉइंट असतो. चाक वळलेले असतानाही त्याला ताकद पोहोचवण्याचे काम हा जॉइंट करतो. जॉइंटभोवती घट्ट काळे मोलिब्डेनम ग्रीस असते आणि अ‍ॅक्सलच्या नळीतले पातळ गिअर ऑइल आतल्या एका ऑइल सीलने अडवलेले असते. ते सील झिजले की ऑइल बाहेर येऊन ग्रीसमध्ये मिसळते, ग्रीस सारासारखे पातळ होते, बाहेरच्या वर्तुळाकार सीलमधून गळू लागते आणि गोळ्याच्या खालच्या बाजूला तपकिरी, धूळ धरलेला ओला थर जमतो. हा थर दिसला की आतला जॉइंट कोरडा पडत चालला आहे असे समजावे. चाक पूर्ण वळवून हळू चालवल्यावर ठराविक अंतराने टक् टक् असा आवाज येत असेल तर जॉइंटच्या छर्ऱ्यांच्या खाचा झिजल्या आहेत.

माझ्या गाडीला हे दोन्ही होते. मी ते काम एका कार्यशाळेकडे सोपवले, आणि गाडी परत आली तेव्हा गळती थांबलेली होती पण स्टीअरिंग इतके जड झाले होते की वळण घेतल्यावर चाके सरळ होईनात. कारण समजायला दोन महिने गेले. नकल वर आणि खाली दोन किंगपिन बेअरिंगांवर फिरतो आणि त्या बेअरिंगांवर किती दाब असावा हे कागदासारख्या पातळ लोखंडी शिम ठरवतात. खोलताना कोणत्या बाजूच्या वरच्या आणि खालच्या शिम कोणत्या, याची नोंद ठेवली नाही तर डावीकडचे उजवीकडे जाते आणि बेअरिंग एकतर आवळले जाते किंवा खुळखुळते. माझ्या गाडीत उजवीकडे आवळले गेले होते आणि नव्या बेअरिंगच्या रोलरांनी वाटीवर रेघा उठवल्या होत्या.

म्हणून दुसऱ्या वेळी मी स्वतः खोलले, आणि त्या दोन दिवसांत गाडी जेवढी समजली तेवढी त्याआधीच्या वर्षभरात समजली नव्हती. फ्री-व्हील हबचे (पुढचे चाक शाफ्टला जोडणाऱ्या किंवा त्यापासून सोडवणाऱ्या कळीचे) नट काढले तरी हब हलत नाही, कारण प्रत्येक स्टडवर शंकूच्या आकाराचा चिरलेला वायसर पाचरीसारखा रुतलेला असतो. त्याला पान्हा लावून काही होत नाही. पितळी दांडा स्टडच्या तोंडावर धरून हातोडीचा एक नेमका घाव घातला की वायसर टुणकन उडून बाहेर येतो. लोखंडी हातोडीने थेट ठोकले तर स्टडचे आटे जातात. आत ५४ मिलिमीटरचे दोन नट आणि त्यांच्यामध्ये वाकवून बसवलेला लॉक वायसर असतो. त्या नटासाठी स्वतंत्र बॉक्स पान्हा लागतो. छिन्नी लावून ठोकून सोडवलेले नट मी या गाडीवर पाहिले आणि त्यांच्या कडांवरचे घाव पाहून मागच्या किमान दोन कारागिरांनी तसेच केले होते हे कळले. स्पिंडल (चाक ज्यावर फिरते ती पोकळ नळी) निघाल्यावर शाफ्ट बाहेर ओढताना जॉइंटची सपाट बाजू वर आणावी लागते, नाहीतर तो नकलच्या तोंडात अडतो. शिम मी चार वेगळ्या पाकिटांत, बाजू आणि जागा लिहून ठेवल्या. जोडताना नकल फिरवायला लागणारा जोर स्प्रिंग काट्याने मोजला, पुस्तिकेत दिलेल्या मर्यादेत येईपर्यंत शिम बदलल्या, आणि पोकळी पाऊण भरेल एवढे ग्रीस घातले. त्यानंतर स्टीअरिंग बोटभर जोराने वळू लागले आणि आजवर गोळे कोरडे आहेत. या कामासाठी मिळणारा सील, बेअरिंग आणि गॅस्केटचा संपूर्ण संच घेताना बेअरिंग कोणत्या बनावटीचे आहे ते आवर्जून पाहावे. संच स्वस्त दिसतो तो बहुधा बेअरिंगमुळेच.

उंचीच्या बाबतीत माझी चूक अधिक महाग पडली. गाडी घेतल्यावर तिसऱ्याच महिन्यात मी ५० मिलिमीटर उंची वाढवून घेतली, आणि ज्याच्याकडून ती वाढवली त्याने नवीन पाटे न घालता जुन्याच पाट्यांना एक जास्तीचा पाटा आणि लांब शॅकल लावून दिले. गाडी उभी असताना फार देखणी दिसत होती. रस्त्यावर मात्र ताशी साठ-सत्तरच्या वेगाने एखादा खड्डा लागला की स्टीअरिंग हातात थरथरू लागे आणि गाडी जवळजवळ थांबेपर्यंत थरथर जात नसे. स्टीअरिंग डॅम्पर बदलावा असा सल्ला मिळाला, तोही बदलला, थरथर थोडी कमी झाली आणि दोन आठवड्यांनी परत आली. डॅम्पर हे दुखणे झाकतो, बरे करत नाही. लांब शॅकलमुळे पाट्याचे एक टोक खाली गेले, पाट्यावर घट्ट बसलेला अ‍ॅक्सल त्याच्याबरोबर फिरला आणि चाकांचा कॅस्टर, म्हणजे सायकलच्या पुढच्या चिमट्याला मागे जो कल असतो तसा कल, जवळजवळ शून्यावर आला हे त्याचे खरे कारण होते. कॅस्टर नसला की चाकाला सरळ राहण्याची स्वतःची ओढ राहत नाही. शेवटी लांब शॅकल काढून मूळ लांबीचे लावले, ५० मिलिमीटर उंचीसाठीच घडवलेले पूर्ण नवीन पाटे आणि त्यांना जुळणारे शॉक अ‍ॅब्सॉर्बर बसवले, आणि उरलेला फरक पाटा व अ‍ॅक्सल यांच्यामध्ये दोन अंशांची पोलादी पाचर घालून भरून काढला. पाचर घालताना पिनिअनचा (डिफरन्शिअलमध्ये ताकद आणणाऱ्या छोट्या गिअरचा) कोनही तेवढाच फिरतो, म्हणून प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसवर ताण येत नाही ना हे पाहावे लागते. दोन अंशांनी माझ्या गाडीत अडचण आली नाही. अ‍ॅल्युमिनियमच्या पाचरी घेऊ नयेत, त्या कालांतराने चिरडतात.

उंची वाढवल्यावर कोणी फारसे न सांगणाऱ्या दोन गोष्टी आहेत आणि दोन्ही ब्रेकच्या आहेत. पहिली म्हणजे चासीवरून अ‍ॅक्सलकडे येणारा रबरी ब्रेक पाइप. गाडी सपाट जमिनीवर उभी असताना तो पुरेसा वाटतो, पण एक चाक पूर्ण खाली लटकले की तारेसारखा ताणला जातो. म्हणून गाडी जॅकवर घेऊन अ‍ॅक्सल पूर्ण खाली सोडून तो तपासावा आणि लांब पाइप लावावा. दुसरी म्हणजे मागच्या अ‍ॅक्सलला दांड्याने जोडलेला, वजनानुसार मागच्या ब्रेकचा दाब ठरवणारा व्हॉल्व्ह. हौद्यात माल असला की गाडी खाली बसते, दांडा वर ढकलला जातो आणि मागे जास्त दाब मिळतो. गाडी ५० मिलिमीटर उचलली की हा व्हॉल्व्ह हौदा कायम रिकामाच आहे असे धरून चालतो आणि सामान भरलेले असतानाही मागचे ब्रेक अर्धेच काम करतात. दांड्याचा टेकू तेवढाच वर उचलणारी एक साधी पट्टी बसवली की हे सुटते. ती पट्टी न देणाऱ्या उंचीच्या संचाला मी अपुरा संच मानतो.

टायरबद्दल थोडक्यात. गाडी आली तेव्हा तिच्यावर २३५/७५ आर१५ मापाचे टायर होते, आता ३१ इंची, १०.५ इंच रुंद ऑल-टेरेन आहेत. व्यास सुमारे ७३४ वरून ७८७ मिलिमीटर झाला, म्हणजे अ‍ॅक्सलखालची जागा प्रत्यक्षात २७ मिलिमीटरच वाढली आणि मीटर १०० दाखवतो तेव्हा गाडी १०७ ने चालत असते. पाटे कितीही उंच केले तरी सलग अ‍ॅक्सलचा डिफरन्शिअल जमिनीपासून तेवढ्याच अंतरावर राहतो, तो केवळ टायरनेच वर जातो, हे लक्षात आल्यावर उंचीचा माझा हट्ट आपोआप कमी झाला. मात्र टायरच्या मापापेक्षा त्यातली हवा जास्त काम करते. रस्त्यावर ३२ ते ३५ पीएसआय ठेवतो. वाळूत शिरण्याआधी १६ पर्यंत उतरवतो. हवा कमी झाली की टायरचा जमिनीला टेकलेला भाग रुंदीपेक्षा लांबीने जास्त वाढतो आणि गाडी वाळू खणण्याऐवजी तिच्यावरून चालते. ज्या वाळूत ३२ वर मी दोनदा अ‍ॅक्सलपर्यंत रुतलो, तीच वाळू १६ वर दुसऱ्या गिअरमध्ये सरळ पार केली. त्याहून खूप खाली गेल्यास वळताना टायर रिमवरून निसटण्याचा धोका असतो, आणि परत रस्त्यावर येताना हवा भरल्याशिवाय वेग घेता येत नाही, म्हणून चांगला कॉम्प्रेसर मी लॉकरच्याही आधी घेतला. चाकांची सहा बोल्टांची १३९.७ मिलिमीटरची रचना जुन्या लँड क्रूझरसारखीच असल्याने रिम मिळण्यात अडचण येत नाही.

ट्रान्स्फर केस (पुढच्या आणि मागच्या अ‍ॅक्सलला ताकद वाटणारी गिअरपेटी) हा या गाडीचा सर्वांत समाधान देणारा भाग आहे. तो साखळीवर नव्हे तर गिअरांवर चालतो, वेगळ्या दांड्याने हाताने बदलतो आणि त्याचे लो रेंजचे (हळू पण जास्त जोराने चालण्याच्या गतीचे) प्रमाण २.२८ आहे. पहिला गिअर साधारण ४ आणि अ‍ॅक्सलचे प्रमाण ४.१ धरले तर एकूण गुणाकार ३७ च्या थोडा पुढे जातो, म्हणजे इंजिन ७०० फेऱ्यांवर घुमत असताना ३१ इंची टायरवर गाडी ताशी तीन किलोमीटरहूनही कमी वेगाने सरकते. तीव्र उतारावर पाय क्लच आणि अ‍ॅक्सलरेटर दोन्हींवरून काढून घ्यावेत आणि इंजिनालाच गाडी रोखू द्यावी. मोठ्या खडकांसाठी ३७ कमी पडते, तिथे क्लच वापरावा लागतो आणि त्याचा वास येऊ लागतो. त्यावर उपाय म्हणून ४.७ प्रमाणाचे गिअर मिळतात किंवा दोन ट्रान्स्फर केस एकामागे एक जोडतात. माझ्या वापराला त्याची गरज पडली नाही, पण ज्याचे सगळे लक्ष खडकांवर आहे त्याने लॉकरनंतरचा खर्च तिथेच करावा. या फोर-व्हील-ड्राइव्हमध्ये पुढच्या आणि मागच्या अ‍ॅक्सलमध्ये डिफरन्शिअल नसल्यामुळे कोरड्या डांबरी रस्त्यावर ती कधीही गुंतवू नये. वळताना दोन्ही अ‍ॅक्सलांना वेगवेगळे अंतर कापायचे असते आणि तो फरक कुठेच सुटत नसल्याने शाफ्टांत पीळ भरत जातो.

मागच्या डिफरन्शिअलमध्ये मी हवेवर गुंतणारा लॉकर बसवला. हायलक्सची डिफरन्शिअलची गाठ पुढच्या बाजूने बोल्ट सोडून अख्खी बाहेर काढता येते, त्यामुळे क्राउन आणि पिनिअन यांचे अंतर टेबलावर, नीट उजेडात लावता आले. लॉकरचा फरक सांगायला एकच जागा पुरेशी आहे. पावसाने खोदलेल्या एका चढावर उजवे मागचे चाक घळीत लटकते आणि त्याच वेळी डावे पुढचे हवेत जाते. लॉकरशिवाय तिथे दोन्ही लटकलेली चाके गरगर फिरत आणि जमिनीवरची दोन जागची हलत नसत, म्हणून वेग घेऊन आपटत वर जावे लागे, आणि वेगातच शाफ्ट आणि जॉइंट तुटतात. आता बटण दाबल्यावर कॉम्प्रेसरची घरघर थांबते, मागची दोन्ही चाके एकत्र फिरतात आणि गाडी त्याच चढावरून चालत्या माणसाच्या गतीने जाते. आपोआप गुंतणारे लॉकर स्वस्त आणि साधे असतात, पण ओल्या रस्त्याच्या वळणावर त्यांचे खट्टकन सुटणे मला रिकाम्या पिकअपच्या हलक्या मागच्या भागाला योग्य वाटत नाही. पुढे लॉकर घालण्याचा विचार मी सोडला. चाक वळलेले असताना लॉकरचा सगळा जोर बर्फील्ड जॉइंटवर येतो, आणि तो उघड्यावर बदलण्याची तयारी असल्याशिवाय ते करू नये.

पाण्यात उतरण्याआधी सर्वांत कमी खर्चाची दुरुस्ती करून घ्यावी. अ‍ॅक्सल चालून गरम झालेला असतो, तो थंड पाण्यात बुडला की आतली हवा आकसते, आणि वर लावलेला छोटा ब्रीदर (हवा जाण्यायेण्याचे तोंड) बुजलेला किंवा पाण्याखाली असेल तर ती पोकळी ऑइल सीलमधून पाणी आत ओढते. माझ्या पहिल्याच नदीनंतर मागच्या हाउसिंगमधून दुधाळ चहाच्या रंगाचे ऑइल निघाले. त्यानंतर दोन्ही अ‍ॅक्सल, गिअरबॉक्स आणि ट्रान्स्फर केस यांच्या ब्रीदरना लांब नळ्या जोडून त्या बॉनेटखाली उंचावर नेल्या आणि पुन्हा तसे झाले नाही. स्नॉर्केलही (इंजिनाची हवा उंचावरून घेणारी नळी) लावला आहे, पण त्याचा हवेच्या फिल्टरच्या पेटीपर्यंतचा प्रत्येक सांधा हवाबंद नसेल तर तो नुसता शोभेचा आहे. डिझेल इंजिनाला ठिणगीची गरज नसते म्हणून ते पाण्यात बंद पडत नाही असे म्हणतात ते खरे, पण सिलिंडरमध्ये पाणी शिरले तर ते दाबले जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो.

विंचबाबत एवढेच की त्यावर लिहिलेला आकडा ड्रमवरच्या पहिल्या थराचा असतो आणि प्रत्येक वरच्या थरागणिक ओढ कमी होते. गाडीची एकूण वजनमर्यादा २.७ टन धरून तिच्या दीडपटीहून थोडा जास्त, म्हणजे सुमारे ४.३ टनांचा विंच मी घेतला, लोखंडी दोराऐवजी सिंथेटिक दोर लावला, आणि पुढे वाढलेल्या वजनासाठी पुढच्या पाट्यांची ताकद त्याच हिशेबाने निवडली. विंच नसला तरी चालेल, पण पुढे आणि मागे थेट चासीला भक्कम बोल्टांनी बसवलेले, ओढण्यासाठीच बनवलेले हूक असल्याशिवाय गाडी कच्च्या वाटेवर नेऊ नये. ट्रेलरच्या बॉल हिचला दोर अडकवून रुतलेली गाडी हिसक्याने ओढणे हे जीवघेणे आहे. तो बॉल तुटला की बंदुकीच्या गोळीसारखा काचेतून आत येतो आणि त्याने माणसे मेली आहेत.

रोजच्या रस्त्यावर ही गाडी कशी आहे हेही सांगायला हवे. माझ्या गाडीत एअरबॅग नाही, एबीएस नाही, आणि मागे ड्रम ब्रेक आहेत. रिकाम्या हौद्याने खड्ड्यांवरून जाताना मागचे पाटे माल वाहण्यासाठीच घडवले आहेत याची पाठीला सतत आठवण होते. काही जण मऊपणासाठी मागचा एक पाटा काढून टाकतात. मी तसे न करता पाटे सोडून गंज घासला, त्यांच्यामधल्या चकत्या आणि टोकांचे बुश बदलले, आणि त्याने अपेक्षेपेक्षा जास्त फरक पडला. ज्यांना रोज महामार्गावर लांब प्रवास करायचा आहे किंवा मागच्या आसनावर लहान मुले असणार आहेत, त्यांना मी ही गाडी सुचवणार नाही. ज्यांना स्वतः पान्हा हातात घेण्याची आवड आहे, आठवड्यातले काही तास देता येतात आणि हळू जाण्यात आनंद वाटतो, त्यांना यापेक्षा सरळ आणि समजण्याजोगी गाडी मिळणे कठीण आहे.

सध्या तिसऱ्या गिअरमध्ये खाली येताना सिंक्रो रिंग (गिअरच्या गती जुळवणारी कडी) कुरकुरते आहे. गिअरबॉक्स उतरवणारच आहे तर क्लच प्लेट, पायलट बेअरिंग आणि क्रँकचे मागचे ऑइल सीलही त्याच वेळी बदलेन. ट्रान्स्फर केसच्या दांड्याखालचे प्लास्टिकचे बुश झिजल्यामुळे दांडा थोडा हलतो, तेही मागवून ठेवले आहे. हे काम होईपर्यंत तिसरा गिअर घेताना क्लच दोनदा दाबून फेऱ्या जुळवतो आहे.